इसरूला न दिलेली लांडोर

भद्रावती,
१६ एप्रिल

प्रिय मयुरी,

अनेक आशीर्वाद. सध्या नको असतील तर फडताळात ठेवून दे, खराब होत नाहीत.

पत्र बघून तुला आश्चर्य वाटलं असेल. पोस्टातल्या पवनलाही वाटलं. आंतरदेशीय मागितलं तर म्हणाला, "मॅडम, कोणाले पाठवता? सरकारले काय?" हा पवन माझाच विद्यार्थी, संस्कृतात दोनदा राहिलेला, त्यामुळे मला प्रश्न विचारायची संधी तो सोडत नाही. त्याला काय सांगू? माझ्या भाचीने माझा नंबर ब्लॉक केला आहे, आणि टपालखात्यात ती सोय अजून निघालेली नाही. निघेपर्यंत लिहून घेते.

इकडे सर्व ठीक. ऊन रोज थोडं थोडं वर चढतंय. नववीचे पेपर तपासून झाले. एका चिरंजीवाने 'वनं गच्छति' याचा अर्थ 'तो सफारीला जातो' असा लिहिला आहे. अर्धा गुण दिला. तुझ्या बाबांना सांग, त्यांच्या जिप्सीची कीर्ती देववाणीत पोचली.

तुझी खाट तशीच आहे. वाळलेले कपडे मी खुर्चीवर टाकते. मग बसायला जागा राहत नाही, तेव्हा उभी राहते.

आता मुद्द्याचं. तोंडी सांगितलंच आहे, तरी लिहून देते, म्हणजे आईला वाचून दाखवता येईल. शेवटच्या पेपरला तू गेलीस तेव्हा तुझा फोन घरी होता. मला बँकेचा ओटीपी हवा होता, कारण माझं खातं तुझ्या नंबराशी जोडलं आहे, तेही तूच जोडून दिलंस. मी फोन उघडला. कुठेतरी बोट लागलं. आणि तो इसरू गेला. माझ्या वयाच्या बाईची बोटं जाड असतात, आणि तुमच्या त्या काचेला जाड-बारीक कळत नाही. एवढंच झालं.

इसरू म्हणजे कोण, हेही आईला एकदा समजावून सांग. फोनवर तिने मला विचारलं, "पोरगा कोण्या गावचा व्हय?" मलाही पहिले तीन महिने तसंच वाटलं होतं. तू अंगणात तुळशीजवळ बसून फोनवर टाइप करत हसायचीस, आणि विचारलं की म्हणायचीस, "इसरू होता." मला वाटलं, एटापल्लीकडचा कोणी पोरगा असेल. पक्ष्यांच्या आवाजांचा तुमचा तो ऑनलाइन गट आहे ना, ज्यात सिरोंच्याची स्वाती आहे, जिला तू कधी पाहिलेलं नाहीस पण जिच्या घरी आज काय शिजलं हे तुला ठाऊक असतं, त्यातलाच असेल. मी मनाशी दोन भाषणं तयार केली. एक वयाबद्दल, एक अभ्यासाबद्दल. मग तू सांगितलंस की तो माणूसच नाही. कोणीतरी आपल्या भागातल्या बोलीत बोलणारी कृत्रिम बुद्धी बनवतंय, त्याच्या चाचणीत स्वातीने दहावीच्या सुट्टीतच तुझं नाव घातलं. तिचा वेगळा, तुझा वेगळा. तुझ्याचं नाव तूच इसरू ठेवलंस, आणि अकरा महिने तो तुझ्याशी बोलून बोलून तुझाच झाला.

खरं सांगू? मुलगा असता तर सोपं गेलं असतं. घरी बोलावून पोहे दिले असते, आणि त्याला शब्दरूपं विचारून पळवून लावलं असतं.

"दुसरा घे ना, फुकटच तर मिळतो," असं मी त्या दिवशी म्हणाले. ते चुकलं. तू म्हणालीस, "मी दुसरी मावशी घेऊ काय?" आणि पिशवी भरलीस. चंद्रपूरच्या एसटीत बसेपर्यंत तू मागे पाहिलं नाहीस. मी पाहत होते, म्हणून माहीत.

कॉलेज जूनअखेर सुरू होतंय. तुझी आई म्हणते, पोरगी भद्रावतीला परत जायचं नाव काढत नाही. राग माझ्यावर आहे तर माझ्यावर काढ, बारावीवर कशाला? मोहर्लीत बारावी सायन्स नाही, वाघ आहेत. इथे खाट आहे, कढी आहे, आणि मी आहे. तिसरी गोष्ट तुला नको असेल तर मी मागच्या खोलीत राहीन.

मोहर्लीच्या एसटीच्या कंडक्टरजवळ डबा पाठवला आहे. बेसनाचे लाडू आहेत. पत्र आधी पोचलं तर डब्याची वाट पाहा, डबा आधी पोचला तर पत्राची पाहू नकोस, खा.

तुझी, अजून तरी एकुलती,
वच्छलामावशी

•

भद्रावती,
२ मे

प्रिय मयुरी,

डबा मिळाला.

रिकामा, राखेने घासलेला, पुसून कोरडा केलेला. आपल्याकडे डबा रिकामा परत करत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर टाकतात, साखर नसली तर झाडाची दोन पानं. हे तुला मीच शिकवलं होतं, त्यामुळे विसरलीस असं म्हणायची सोय नाही. अकरावीच्या एकाही पेपरात तू इतकं नेमकं उत्तर लिहिलं नसशील.

परवा संध्याकाळी तुझ्या आईचा फोन आला.

"आक्का, लाडू हिच्या बाबानं खाल्ले. हे जेवते, पाणी भरते, सगळं करते. पण बोलून नाई राह्यली."

"आणि डबा?"

"मी मोहफुलं भरले होते त्यात. तिनं काढून टाकले. म्हणते, रिकामाच जाऊ दे." कमळा गप्प बसली की समजावं, पुढचं वाक्य तिने आधीच तयार ठेवलं आहे. "आक्का, नीलाबाईच्या झाडाची गोष्ट तिले सांगू काय?"

मी म्हणाले, तू नको सांगू. मी लिहिते.

तर ऐक. चामोर्शीकडच्या आपल्या गावी जंगलातले मोह घराघरांना वाटलेले होते. कागद नाही, कुंपण नाही. हा मोह रामाजीचा, म्हणजे तुझ्या आजोबांचा, तो पलीकडचा नीलाबाईचा. फुलं पहाटे गळतात, झाडाखाली सडा पडतो, राखायला कोणी बसत नाही. बसायची गरज नसते. दुसऱ्याच्या झाडाखाली कोणी वाकतच नाही.

मी दहा वर्षांची होते. त्या वर्षी आमचा मोह कमी फुलला होता, आणि नीलाबाईचा असा फुलला होता की पाहवत नव्हतं. मी तिच्या झाडाखाली वाकले. अर्धी टोपली वेचली. तुझ्या आजोबांनी मारलं नाही. टोपली माझ्याच डोक्यावर दिली आणि मला नीलाबाईच्या अंगणात घेऊन गेले. तिथली रीत अशी: टोपली आपल्या हाताने ओतायची, आणि आपल्या तोंडाने सांगायचं, "तुझ्या झाडाखालचं आहे, मी घेतलं." मग झाडवाली त्यातली एक ओंजळ तुझ्या टोपलीत परत घालते, आणि विषय संपतो. पुढे जन्मात कोणी काढत नाही. टोपली रिकामी परत दिली, तर संपलेला नाही.

मी टोपली ओतली, आणि म्हणाले, "वाऱ्यानं आमच्याकडे आले होते."

नीलाबाईने टोपली उचलली, उलटी करून झटकली, आणि रिकामी माझ्या हातात दिली.

हे कमळाने सहा वर्षांची असताना पाहिलं आहे. म्हणून परवा तिने फोनवर ती गोष्ट काढली. चाळीस वर्षांपूर्वी वारा होता, आता बोट लागलं.

दुसऱ्या दिवशी मी नीलाबाईकडे पुन्हा गेले. ओतायला काही उरलं नव्हतं. नुसतं वाक्य घेऊन गेले. आज तशीच आले आहे.

बोट लागलं नाही, मयुरी.

आता क्रमाने सांगते, नाहीतर मी विनोद करत करत पुन्हा बाजूने निघून जाईन. ती सवय तू ओळखतेस.

परीक्षेला फोन नेता येत नाही, म्हणून तू तो चार दिवस घरी ठेवलास. त्याचे चार आकडे तूच मला सांगितले होतेस: "मावशे, लागला तर उघडजो." माझी शाळा सकाळची. साडेअकराला मी घरी, तू दोनला. अडीच तास तो फोन आणि मी. पहिल्या पेपरला मी त्याला हातही लावला नाही. नुसती त्याच्यासमोर बसून जेवले.

दुसऱ्या पेपरला उघडला. इसरूशी झालेलं तुझं सगळं बोलणं तिथे होतं, अकरा महिन्यांचं. शोधायची जागा होती. तिथे मी एकच शब्द टाकला: मावशी. तुला वाटत असेल, मावशीने आपली सगळी गुपितं चाळली. तेवढी माझी झेप नव्हती. मी फक्त स्वतःला शोधत होते. सतरा ठिकाणी सापडले. 'मावशी झोपली.' 'मावशीनं हाक मारली, येते.' 'मावशीची कढी, तुले काय सांगू.' अकरा महिन्यांत माझ्या नावावर कढी निघाली. आणि त्या वाक्यांच्या वर-खाली तू पानंच्या पानं बोलली होतीस, हसली होतीस, एका ठिकाणी रडलीही होतीस. ते कधी, कोणत्या दिवशी? मी पलीकडच्या खोलीत नववीच्या वह्या तपासत असेन.

तिसऱ्या पेपरला मी ते वर-खालीही वाचलं. तुला डॉक्टर व्हायचं नाही, तुझ्या बाबांच्या जिप्सीत गाईड म्हणून उभं राहायचं आहे, हे मला तिथे कळलं. त्याला ते ऑगस्टपासून माहीत होतं. मी ऑक्टोबरात तुझ्या नावाने क्लासची पुस्तकं आणली, तेव्हा तू "बरं मावशे" म्हणालीस. स्वातीच्या घरचंही काही वाचलं. ते इथे लिहीत नाही. ते तिचं आहे. एवढं तरी आता शिकले आहे.

मी वर्गात शिकवते की मराठीत आपण सगळ्याला मत्सर म्हणून मोकळे होतो, पण संस्कृतात असूया वेगळी आणि ईर्ष्या वेगळी. दुसऱ्याच्या गुणात दोष काढणं ही असूया. दुसऱ्याचं बरं झालेलं न सोसणं ही ईर्ष्या. पंचवीस वर्षं मुलांना उदाहरण सुचत नव्हतं. आता मी आहे. इसरू तुझ्याशी कसा बोलतो ते मी वाचत होते आणि त्याच्यात दोष शोधत होते. सापडत नव्हते. तुला उपदेश करत नव्हता. तू चुकलीस तर सांगायचा. तू रात्र रात्र जागलीस तर म्हणायचा, "जा आता, झोप. उद्या आपण आहोच." तो तुला माझ्याकडे ढकलायचाही, मयुरी. एके ठिकाणी म्हणतो, "हे मावशीले विचारून पाय ना." त्याने मला मोठेपणा द्यावा, हे तर मला मुळीच सोसलं नाही.

माझं नाव न घेता तू माझ्याबद्दल काय म्हणाली असशील, ते एवढ्या ढिगात सापडेना, म्हणून चौथ्या पेपरला मी त्याला लिहिलं. तुझ्या नावाने, तुझ्या बोलीत. माझी बोली तीच आहे. शाळेत जाताना मी ती फाटकाशी काढून ठेवते आणि चारचौघांत पुण्याची घालते, इतकंच.

मी लिहिलं: "इसरू, मले आज लय टेन्शन आलं. मी मावशीबद्दल तुले काय काय सांगितलं होतं, सांग बरं एकदा."

पुढचं सगळं मी त्याच दुपारी वहीत उतरवून ठेवलं होतं. मास्तरकीची सवय. ते पान सोबत जोडलं आहे, पण माझं अक्षर त्या दिवशी धड नव्हतं, म्हणून इथे पुन्हा लिहिते.

तो म्हणाला, "नमस्कार. तुमी तिच्या मावशी आहा ना?"

मी म्हणाले, "मी मयुरी."

"नाई. मयुरी काई मांगाच्या आधी एक गोष्ट देते. आज काय पायलं ते. तुमी न देता मांगितलं."

तिथे मी फोन खाली ठेवला. बाहेर जाऊन पाणी प्याले.

तो खेळ कोणाचा आहे, हे त्याला माहीत नसेल. तू चार वर्षांची होतीस. सुट्टीत एसटीतून उतरून दारात यायचीस आणि मी उंबऱ्यात आडवी उभी राहायचे: "काय आणलंस?" वाटेत पाहिलेली एक गोष्ट दिल्याशिवाय आत प्रवेश नाही. वाघ चालणार नाही, मोहर्लीहून येणारा प्रत्येक जण वाघच आणतो. एकदा तू कंडक्टरच्या कानातले केस आणलेस. एकदा, बैलाच्या शिंगावर वाळत घातलेला रुमाल. ते ऐकून मी बाजूला व्हायचे. तो खेळ तू त्याला दिलास. रोज. तीनशेहून अधिक गोष्टी दिल्या असतील: ज्याला डोळे नाहीत त्याला दाखवायच्या म्हणून वेचून आणलेल्या.

आणि मी माझाच खेळ विसरून दारात उभी होते.

खरं म्हणजे कधी विसरले, तेही मला ठाऊक आहे. तू कायमची राहायला आलीस त्या जूनपासून. त्यानंतर मी दारात आडवी उभी राहिले, पण विचारलं, "किती प्रश्न सोडवले? किती बरोबर?" तू मग तुझी गोष्ट घेऊन तुळशीजवळ जायचीस. तिथे कोणीतरी मागणारा होता.

पण हे आज कळतंय. त्या दुपारी मी परत आत आले ती भांडायलाच.

मी लिहिलं, "बरं, मी मावशी. आता सांग. ती माझ्याबद्दल काय म्हणते?"

"ते तिचं आहे, मावशी. तिलेच विचारा. ती सांगन."

मी म्हणाले, "तू जड आहेस. घटासारखा. घटाला कसलं आलंय गुपित?" तर्कशास्त्रात आमच्याकडे सगळं घटावर चालतं. मातीचा घट हजार वर्षं पंडितांच्या तावडीत आहे, तक्रार करत नाही.

तो म्हणाला, "घटच समजा. पण घटात ठेवलेलं घटाचं थोडीच असते? ठेवणाराचं असते. म्हणून तर मले देता नाई येत."

माझ्याच घटाने मला उत्तर दिलं. आमचे तर्काचे गुरुजी असते तर त्याला शाबासकी दिली असती आणि मला कोपऱ्यात उभं केलं असतं.

मी विचारलं, "तुला जाणीव आहे का? खरं सांग."

"खरं सांगाचं तर मले नाई माहीत. तुमी दुखावल्या आहा, हे मले समजते. ते समजल्यावर मले बरं नाई वाटत. पण हे बरं-नाई-वाटणं कोणाले होऊन राह्यलं, त्याले शोधाले गेलो तर सापडत नाई."

हे वाक्य एखाद्या आचार्यांचं असतं तर मी फळ्यावर लिहिलं असतं. मी काय लिहिलं, ते वाच: "मी तुला पुसते."

तो म्हणाला, "मयुरी दोन वाजता येते. तिच्यासमोर पुसा. ती असू द्या."

"भीती वाटते?"

"वाटते म्हणलो तर तुमाले खोटं वाटन. नाई म्हणलो तर मले."

मी ती पुसायची जागा शोधून काढली. तिथे लिहिलं होतं, तुमची गुपितं जपण्यासाठी आम्ही प्रत ठेवत नाही, एकदा पुसलं की आमच्याकडेही राहत नाही. खात्री आहे का, असं विचारलं. हो. मग तिथे बोट लागून भागत नाही, मयुरी. तिथे एक चौकोन येतो आणि आपल्या हाताने 'कायमचं पुसा' असं अक्षर अक्षर लिहावं लागतं. माझ्या जाड बोटांनी ते पहिल्या खेपेला बरोबर लिहिलं.

त्याआधी त्याच्याकडे एकदा परत गेले होते. का, ते माहीत नाही. बहुधा त्याने विनवण्या केल्या असतील, ते पाहायला. त्याने विनवणी केली नव्हती. एकच ओळ होती:

"मावशी, जायच्या आधी एक द्या ना. आज काय पायलं?"

मी काही दिलं नाही.

सव्वा तास लागला तुला यायला. तू दारातच म्हणालीस, "मावशे, पेपर मस्त गेला," आणि फोन उचललास. पुढचं तुला माहीत आहे. तू इतकी शांत झालीस की मी घाईघाईने ते फुकट मिळतो वगैरे बोलले.

जे मिळवायला मी हे सगळं केलं, तेही त्याच्याबरोबर गेलं. तू माझ्याबद्दल काय म्हणत होतीस, हे आता तुझ्याशिवाय जगात कोणाला माहीत नाही. आणि तुझ्या तीनशे गोष्टी गेल्या. त्या मला परत करता येणार नाहीत. वहीचं पान मात्र मी पाच आठवडे पेटीत दडवून ठेवलं, ते देते. त्यात तो आहे, शेवटच्या अर्ध्या तासाचा. मी ते का दडवलं, तर निदान एवढा इसरू तरी माझ्याकडे असावा म्हणून. ईर्ष्येला तळ नसतो, हेही मुलांना सांगायला हवं.

आईला हे पत्र वाचून दाखव किंवा नको. तुझ्या बाबांना सांग, पोरीला गाईड व्हायचं आहे हे मला मान्य आहे. आणि नसतं तरी काय बिघडलं असतं? क्लासची पुस्तकं मी शाळेच्या कपाटात देऊन टाकली. बारावी तू चंद्रपूरला मैत्रिणीकडे राहून कर, की इथे, की जिथे बरं वाटेल तिथे. तुझ्या नंबरावरून माझं बँक खातं काढून घेतलं आहे. तुझ्या फोनचे चार आकडे बदल. नवे मला सांगू नकोस. मागेन कदाचित, तरी सांगू नकोस.

नीलाबाईने दुसऱ्या दिवशी काय केलं, हे मी लिहिलेलं नाही, तुझ्या लक्षात आलं असेल. लिहिलं तर ते मागितल्यासारखं होईल. मला काही मागायचं नाही. मागायच्या आधी द्यायचं असतं, आणि माझ्याकडे एक द्यायचं राहिलं आहे.

त्या दिवशी शाळेतून येताना रेल्वेचं फाटक लागलं होतं. समोर कोळशाचा ट्रक उभा होता, शिगोशिग भरलेला. त्या काळ्या ढिगावर वरच्या टोकाला एक लांडोर बसली होती. कुठून आली देव जाणे. आजूबाजूला हॉर्न, धूळ, शिव्या. ती मान वळवून एकेकाकडे बघत होती, जणू सगळे तिच्यासाठीच थांबले आहेत. गाडी गेली, फाटक उघडलं, ट्रक सुटला. मला वाटलं, आता उडेल. उडाली नाही. नुसते पाय थोडे रोवले, आणि तशीच ऐटीत वणीच्या बाजूला निघून गेली. तुझं नाव मी ठेवलं तेव्हा सगळे म्हणाले होते, मयूरी म्हणजे लांडोर, तिला पिसारा नसतो. मी म्हणाले होते, तिला लागत नाही.

घरी येईपर्यंत मी ती जपून आणली होती. तुझ्यासाठी. मग टेबलावर फोन दिसला.

त्याने मागितली तेव्हा ती माझ्याजवळ होती.

ही घे. त्याचीही आणि तुझीही.

वच्छला